आकाश एकच, कोनही एकच

बंगल्याच्या रेंडरमध्ये झाडांच्या सावल्या डावीकडे पडल्या आहेत, म्हणजे ऊन उजवीकडून येतंय. मागच्या आकाशात मात्र ढगांच्या डाव्या कडा झळाळताहेत. चित्र पाहणाऱ्या घरमालकाला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही. तो एवढंच म्हणतो, की घर चिकटवल्यासारखं दिसतंय. त्याचं बरोबर असतं. अंगणातला उजेड एका सूर्याचा आहे आणि मागचं आकाश दुसऱ्याच सूर्याचं.

प्रत्यक्षात असं होऊच शकत नाही, कारण जे आकाश दिसतं तेच उजेड देतं. रेंडरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ही दोन कामं वेगवेगळ्या खान्यांत ठेवलेली असतात: उजेड एका ठिकाणी, डोळ्यांना दिसणारी पार्श्वभूमी दुसऱ्या ठिकाणी. दोन्हींना आपापला फिरवण्याचा कोन असतो. एक फिरवला आणि दुसरा तसाच राहिला, की वरच्यासारखं चित्र तयार होतं. हे दोन कोन एकमेकांना कसे बांधायचे ते सायकल्स हे रेंडर इंजिन धरून पायरीपायरीनं पाहू. ते ब्लेंडरबरोबर फुकट मिळतं, त्यामुळे वाचताना शेजारी उघडून पाहता येईल.

आधी चित्रातून उजेड कसा येतो ते. १९७६ मध्ये जिम ब्लिन आणि मार्टिन न्यूएल यांनी संगणकातल्या चकचकीत वस्तूवर भोवतालच्या चित्राचं प्रतिबिंब दाखवण्याची युक्ती मांडली. प्रतिबिंबाच्या पुढे जाऊन त्याच चित्रानं वस्तू उजळवायची, तर चित्रात उजेडाची खरी मापं हवीत. साध्या फोटोत ती नसतात. त्यात प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढीच जागा, त्यामुळे उन्हातली पांढरी भिंत २५५ वर अडकते आणि सूर्यही २५५ वरच अडकतो. पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये एकाच दृश्याचे कमीजास्त एक्स्पोजरचे फोटो जोडून ही मापं परत मिळवण्याची रीत दाखवली. पुढच्याच वर्षी डेबेव्हेक यांनी त्या मापांच्या जोरावर संगणकातल्या वस्तू खऱ्या दृश्यात बसवून दाखवल्या. आज ज्याला सगळे एचडीआरआय म्हणतात ती फाइल उजेडासाठी वापरण्याची रीत याच कामातून आली. तिच्यात सूर्याची तबकडी शेजारच्या निळ्या आकाशापेक्षा लाखपटींनी उजळ असू शकते, आणि म्हणूनच तिच्यामुळे धारदार सावली पडते.

ही फाइल, म्हणजे आपला पॅनोरमा, उंचीच्या दुप्पट रुंद असते. रुंदीत ३६० अंशांचं क्षितिज आणि उंचीत डोक्यावरच्या बिंदूपासून पायाखालच्या बिंदूपर्यंतचे १८० अंश. सॉफ्टवेअर हा पट एका अमर्याद मोठ्या गोलाच्या आतल्या बाजूला गुंडाळतं आणि आपलं मॉडेल त्याच्या मध्यावर ठेवतं. पटावरचा प्रत्येक ठिपका आपापल्या दिशेनं उजेड पाठवतो. गोल उभ्या अक्षाभोवती फिरवला की सूर्य फिरतो, सूर्याबरोबर सावल्या, आणि काचांमधली प्रतिबिंबंही.

आता दोन खाने वेगळे का पडतात ते पाहू. रेंडर इंजिन कॅमेऱ्यातून किरण सोडतं. काही किरण कशालाही न अडता थेट आकाशाला भिडतात, ती झाली पार्श्वभूमी. काही भिंतीवर आदळून विखुरतात आणि मग आकाशात जातात, तो झाला उजेड. काही काचेवरून परततात, काही काचेतून आरपार जातात. किरण कोणत्या वाटेनं आला हे इंजिनला ठाऊक असतं, त्यामुळे प्रत्येक वाटेला वेगळं आकाश दाखवण्याची मुभा ते आपल्याला देतं. सायकल्समध्ये हे काम लाइट पाथ नावाचा नोड करतो. त्यातलं ‘इज कॅमेरा रे’ हे टोक मिक्स शेडरला जोडलं, की कॅमेऱ्याला एक चित्र दिसतं आणि बाकीच्या किरणांना दुसरं. व्ही-रे या दुसऱ्या रेंडर इंजिनमध्ये डोम लाइट उजेड देतो आणि पार्श्वभूमी, परावर्तन, अपवर्तन यांच्यासाठी एन्व्हायर्नमेंटचे वेगळे खाने असतात. या मुभेला मोल आहे, ते पुढे दिसेलच. पण गडबडीचं मूळही इथंच आहे.

व्ही-रे थ्रीडीएस मॅक्समध्ये वापरताना डोम लाइटचा नकाशा, म्हणजे त्याला लावलेला पॅनोरमा, ओढून पार्श्वभूमीच्या खान्यात टाकला, की इन्स्टन्स हवा की कॉपी असा प्रश्न येतो. इन्स्टन्स घेतला तर दोन्ही खान्यांत तोच एक नकाशा राहतो आणि त्याचा आडवा कोन बदलला की उजेड आणि आकाश बरोबरच फिरतात. कॉपी घेतली तर त्या क्षणापासून त्यांच्या वाटा वेगळ्या. आणखी एक खाच अशी, की डोम लाइटमध्ये नकाशाला डोमच्या दिशेशी कुलूप लावण्याची सोय असते. ते कुलूप लावून डोमच हातानं फिरवला तर उजेड फिरतो, पण पार्श्वभूमीच्या खान्यातलं चित्र जागचं हलत नाही, कारण त्याला डोमचा पत्ताच नसतो. म्हणून फिरवायचं ते नकाशात, डोममध्ये नाही, असा दंडक मी पाळते आणि शिकणाऱ्यांनाही तोच सांगते.

ब्लेंडरमध्ये साधी जोडणी अशी: टेक्श्चर कोऑर्डिनेट नोडचं जनरेटेड टोक मॅपिंग नोडला, मॅपिंग एन्व्हायर्नमेंट टेक्श्चरला, तिथून बॅकग्राउंडला. मॅपिंगमधला झेड अक्षाचा कोन म्हणजे आपलं सुकाणू. उजेडाला आणि पार्श्वभूमीला एकच पॅनोरमा वापरायचा असेल तर एकच मॅपिंग नोड दोघांना पुरतो, आणि सगळं तिथंच मिटतं. एक इशारा मात्र द्यायला हवा. व्ह्यूपोर्टच्या मटेरियल प्रिव्ह्यूमध्येही एक आकाश आणि त्याची फिरवण्याची पट्टी असते. ती फक्त पाहण्यापुरती आहे. ‘सीन वर्ल्ड’वर खूण केल्याशिवाय तिथं आपलं खरं आकाश दिसतच नाही. विद्यार्थी ती पट्टी फिरवून सावल्या मनासारख्या करून घेतात आणि अंतिम रेंडरमध्ये त्या भलतीकडे पडल्या की गोंधळतात.

कोन किती द्यायचा हे डोळ्यांनी ठरवू नये. तो हिशेबानं काढता येतो आणि हिशेब सोपा आहे. समजा, पुण्यातल्या एका घराचं पश्चिमेचं एलिव्हेशन २१ मार्चच्या संध्याकाळी चार-चाळीसच्या उन्हात दाखवायचंय. त्या वेळी सूर्य क्षितिजापासून साधारण २९ अंश वर असतो. हा त्याचा उन्नतांश. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं मोजलं तर तो साधारण २६० अंशांवर, म्हणजे पश्चिमेच्या जरा दक्षिणेला असतो. हा दिगंश. आता ८१९२ बाय ४०९६ ठिपक्यांचा पॅनोरमा कोणत्याही फोटो एडिटरमध्ये उघडा आणि सूर्याच्या तबकडीवर कर्सर ठेवा. समजा, तो डावीकडून ५१२० व्या स्तंभात आणि वरून १४०० व्या ओळीत आहे. १४०० ला ४०९६ नं भागून १८० नं गुणलं की ६१.५ येतात, ते ९० मधून वजा केले की २८.५. उन्नतांश जुळला, पॅनोरमा कामाचा आहे. ५१२० ला ८१९२ नं भागून ३६० नं गुणलं की २२५ येतात. चित्राचा मध्य १८० वर असतो, म्हणजे सूर्य मध्यापासून ४५ अंश उजवीकडे आहे.

कोन शून्य असताना चित्राचा मध्य मॉडेलच्या कोणत्या दिशेला बसतो हे प्रत्येक सॉफ्टवेअरनं आपापलं ठरवलेलं आहे. ब्लेंडरमध्ये तो धन एक्स अक्षावर येतो. वाय अक्ष उत्तर धरला तर एक्स म्हणजे पूर्व, दिगंश ९०. त्याच्या उजवीकडे ४५ म्हणजे आपला सूर्य सध्या १३५ वर, आग्नेयेला आहे. तो २६० वर न्यायचा तर आकाश घड्याळाच्या दिशेनं १२५ अंश फिरवावं लागेल. मॅपिंगचा प्रकार ‘पॉइंट’ असेल तर झेडमध्ये १२५ लिहिलं की वरून पाहता आकाश घड्याळाच्याच दिशेनं फिरतं. प्रकार ‘टेक्श्चर’ केला तर तोच आकडा ते उलट फिरवतो. चिन्हाचा हा घोळ सॉफ्टवेअर बदललं की पुन्हा समोर येतो, म्हणून पाठांतरापेक्षा चाचणी बरी. ती लवकरच सांगते.

त्याआधी उत्तरेचा प्रश्न. प्लॉट क्वचितच उत्तरेला नीट चिकटून असतो. प्लॅन कागदावर सरळ बसावा म्हणून आपण तो फिरवून काढतो, आणि मग मॉडेलचा वाय अक्ष हा कागदाचा ‘वर’ असतो, खरी उत्तर नसते. रेव्हिटमध्ये यासाठी प्रोजेक्ट नॉर्थ आणि ट्रू नॉर्थ अशा दोन नोंदीच आहेत. तिथून मॉडेल दुसरीकडे नेलं की ही माहिती बहुतेक वेळा मागेच राहते. खरी उत्तर वाय अक्षाच्या उजवीकडे २० अंश झुकलेली असेल तर मॉडेलच्या दृष्टीनं सूर्य २८० वर हवा, आणि आपला आकडा १२५ चा १४५ होतो. साइट प्लॅनवरचा उत्तरेचा बाण पाहून हा आकडा पहिल्याच दिवशी फाइलमध्ये लिहून ठेवावा.

आता चाचणी. मॉडेलच्या मोकळ्या जागेत तीन गोष्टी उभ्या करा: एक मीटर उंचीची उभी काठी, एक क्रोमचा गोळा आणि एक मध्यम राखाडी गोळा. काठी म्हणजे आपल्या जुन्या ज्योतिर्विदांचा शंकूच, सावलीवरून सूर्य मोजण्याचं साधन. सूर्य २६० वर असेल तर सावली ८० कडे, म्हणजे पूर्वेच्या किंचित उत्तरेला पडायला हवी. २८.५ अंशांच्या उन्नतांशाला तिची लांबी १ मीटर ८४ सेंटीमीटर भरते. क्रोमच्या गोळ्यात सूर्य नेमका कुठे आहे ते दिसतं. राखाडी गोळ्याची उजळ बाजू त्याच दिशेला आहे ना, ते पाहायचं. मग कॅमेरा सूर्याच्या दिशेनं वळवायचा: पार्श्वभूमीतली तबकडी आणि काठीच्या सावलीची रेघ एका ओळीत आल्या पाहिजेत. चिन्ह उलटं असेल, अक्ष चुकला असेल, उत्तर राहून गेली असेल, तर या एका फ्रेममध्ये ते उघडं पडतं.

उभ्या अक्षाभोवती फिरवून दिगंश हवा तसा मिळतो, उन्नतांश मात्र फोटो काढला त्या क्षणाला कायमचा ठरलेला असतो. आपल्याकडे हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. फुकट मिळणारे कितीतरी पॅनोरमा युरोपात टिपलेले असतात. बर्लिनला २१ जूनच्या भरदुपारीही सूर्य ६१ अंशांच्या वर जात नाही, आणि डिसेंबरात तर १४ अंशांवरच अडतो. पुण्यात डिसेंबरातल्या दुपारीसुद्धा तो ४८ अंशांवर असतो आणि मेच्या मध्याला थेट डोक्यावर, शून्य सावलीला. दक्षिणेच्या खिडकीवर ६० सेंटीमीटरचा छज्जा आहे असं धरा. डिसेंबरातल्या दुपारी त्याची सावली भिंतीवर ६७ सेंटीमीटर खाली उतरते. तेच रेंडर २५ अंशांच्या परदेशी सूर्याखाली केलं तर सावली २८ सेंटीमीटरवर थांबते आणि खिडकी उन्हानं भरून जाते. चित्र सुरेख दिसेल, पण घरमालकाला त्याच्या घरातल्या उन्हाबद्दल खोटी माहिती मिळेल. रेंडर पाहून लोक आयुष्यभराची कमाई गुंतवतात, त्यामुळे ही चूक मला साधी वाटत नाही.

यावर उपाय म्हणून काही जण पॅनोरमा एक्स किंवा वाय अक्षावर तिरका करून सूर्य वर उचलतात. तसं करू नये. क्षितिज कलंडतं, आणि पार्श्वभूमी झाकली तरी काचांमध्ये कललेली झाडं दिसत राहतात. योग्य उन्नतांशाचा दुसरा पॅनोरमा शोधणं हाच मार्ग. संग्रहातल्या पॅनोरमांचे उन्नतांश स्वतः मोजून फाइलच्या नावातच लिहून ठेवले तर शोध सोपा होतो.

आतापर्यंत उजेड आणि पार्श्वभूमी एकाच फाइलमधून आली. पण तसं दरवेळी चालत नाही, आणि कारण साध्या भागाकारात आहे. ८१९२ ठिपके ३६० अंशांत वाटले की एका अंशाला २३ सुद्धा येत नाहीत. फुलफ्रेम कॅमेऱ्यावरची २४ मिलिमीटरची लेन्स आडवे ७४ अंश पाहते, म्हणजे तिच्या वाट्याला पॅनोरमातले साधारण १७०० ठिपके येतात. रेंडर ४००० रुंद असेल तर आकाश ताणून धूसर होणार. उजेडासाठी ते पुरेसं आहे, नजरेसाठी नाही. अशा वेळी पार्श्वभूमीला जास्त ठिपक्यांचा दुसरा पॅनोरमा घ्यावा लागतो, आणि तेव्हा एकच मॅपिंग नोड दोघांना लावून भागत नाही. दुसऱ्या चित्रात सूर्य वेगळ्या स्तंभात असतो. समजा, तो मध्यापासून ४५ अंश डावीकडे आहे. मग त्याला १२५ नाही, २१५ अंश फिरवावं लागेल.

म्हणून बांधायचं ते फिरवण्याच्या कोनाला नाही, सूर्याच्या दिगंशाला. एका व्हॅल्यू नोडमध्ये २६० लिहायचं. त्यातून प्रत्येक चित्रासाठी ९० आणि त्या चित्रातल्या सूर्याचं मध्यापासूनचं अंतर वजा करायचं, उजवीकडचं धन, डावीकडचं ऋण. उत्तर कम्बाइन एक्सवायझेडच्या झेडमधून त्या त्या मॅपिंगला द्यायचं. नोडमधून आलेला कोन ब्लेंडर रेडियनमध्ये वाचतो, त्यामुळे मध्ये मॅथ नोडचं ‘टू रेडियन्स’ बसवायला विसरायचं नाही. ते राहिलं तर आकाश कुठेही जाऊन थांबतं आणि कारण सापडत नाही. एकदा ही जोडणी झाली की २६० चे २४० करा, दोन्ही आकाशं आपापल्या जागेवरून बरोबर तेवढीच फिरतील. वेगळा सन लॅम्प असेल तर त्यालाही याच आकड्याशी ड्रायव्हरनं जोडावं. ज्या पॅनोरमात सूर्याचा उजेड टिपताना कापला गेला आहे तिथं असा लॅम्प लागतोच. सूर्य शाबूत असेल आणि वर लॅम्पही लावला, तर काठीला दोन सावल्या पडतात.

पार्श्वभूमी म्हणून साइटवरचा साधा फोटो असेल तर गोष्ट उलटी होते. तो पडद्याला चिकटलेला असतो, फिरवता येत नाही. मग त्यातल्या विजेच्या खांबांच्या सावल्यांवरून आणि फोटो काढल्याच्या वेळेवरून दिगंश काढायचा आणि उजेडाला त्याच्याकडे न्यायचं.

काच हा या सगळ्यातला सर्वात अवघड भाग. घराच्या आरपार दिसणाऱ्या दोन खिडक्या असतील, तर पहिल्या काचेतून जाताना कॅमेऱ्याचा किरण सायकल्सच्या लेखी कॅमेऱ्याचा राहत नाही, ट्रान्समिशनचा होतो. त्यामुळे घराच्या बाजूला पार्श्वभूमीचं आकाश दिसतं आणि खिडकीच्या चौकटीत उजेडाचं. एकाच क्षितिजाचे दोन तुकडे. सपाट खिडकीच्या काचेला ग्लास शेडरऐवजी ट्रान्सपरंट आणि ग्लॉसी यांचं मिश्रण दिलं की हा प्रश्न सुटतो, कारण ट्रान्सपरंटमधून गेलेला किरण कॅमेऱ्याचाच मानला जातो.

परावर्तनाचं काय करायचं हे घरासमोर काय आहे त्यावर ठरतं. खिडकीच्या काचेत कॅमेऱ्याच्या पाठीमागचं आकाश दिसतं, म्हणून तिथं उजेडाचा पॅनोरमा चालतो. पण अंगणात तलाव किंवा पावसानं ओली फरशी असेल तर ती घरामागचंच आकाश दाखवते, जे त्याच फ्रेममध्ये वर दिसतंय. दोन्ही शेजारी-शेजारी असतात आणि नजर त्यांची तुलना केल्यावाचून राहत नाही. अशा दृश्यात परावर्तनालाही पार्श्वभूमीचंच चित्र द्यावं. त्यातल्या त्यात सोपं म्हणजे १६३८४ ठिपक्यांचा एकच पॅनोरमा तिन्ही ठिकाणी वापरणं. मेमरी जास्त लागते, पण मी शक्य तिथं तेच करते.

थोडी सूट कुठे घ्यावी? पूर्ण ढगाळ आकाशात हवी तेवढी, कारण दिशा सांगणारं काही नसतंच. विखुरलेल्या ढगांत पाच-दहा अंश इकडेतिकडे झाले तर सहसा कुणाला जाणवत नाही. सूर्य फ्रेममध्ये किंवा फ्रेमच्या कडेला असेल, किंवा पार्श्वभूमीत सावली पडलेल्या इमारती असतील, तर अजिबात नाही.

फिरत्या दृश्यात, म्हणजे सकाळ ते संध्याकाळ दाखवायची असेल तेव्हा, पॅनोरमा फिरवत नेण्याचा मोह होतो. त्यानं सूर्य एकाच उंचीवरून गोल फिरतो, उगवत नाही आणि मावळतही नाही. ढगही सगळे मिळून चक्रासारखे फिरतात. त्यासाठी गणितानं तयार होणारं आकाश वापरावं. प्रीथम, शर्ली आणि स्मिट्स यांचं १९९९ चं किंवा होसेक आणि विल्की यांचं २०१२ चं मॉडेल सूर्याच्या जागेवरून आणि हवेतल्या धुरकटपणावरून आकाशाचा रंग काढतं. ब्लेंडरच्या स्काय टेक्श्चरमध्ये ही दोन्ही मॉडेल्स आली आहेत. उजेड आणि पार्श्वभूमी दोन्ही त्याच दिगंश-उन्नतांशातून निघतात, त्यामुळे ती फुटतच नाहीत. ढग मात्र त्यात नसतात, ते वेगळे घालावे लागतात आणि त्यांच्यावरचं ऊन पुन्हा त्याच दोन आकड्यांशी जोडावं लागतं.